एव्हरेस्टवर हरवलेला तो कॅमेरा ज्याचा होता, तो गिर्यारोहक कन्याकुमारीजवळच्या दवाखान्यात आयुष्यभर ऑपरेशनं करत राहिला

एव्हरेस्टचा विषय निघाला की एका कॅमेऱ्याची गोष्ट हमखास निघते. ८ जून १९२४ ला जॉर्ज मॅलरी आणि सँडी आयर्विन शिखराच्या दिशेनं गेले आणि ढगांत दिसेनासे झाले. ते शिखरावर पोचले होते का, हा वाद शंभर वर्षं झाली तरी मिटलेला नाही. मॅलरीचा मृतदेह १९९९ मध्ये सापडला. २०२४ मध्ये आयर्विनचा बूट आणि त्यातल्या मोज्यावर शिवलेलं त्याचं नाव सापडलं. कॅमेरा मात्र अजून सापडलेला नाही. तो मिळाला आणि त्यातली फिल्म धुता आली, तर इतिहास बदलू शकतो असं म्हणतात.

पण हा कॅमेरा मॅलरीचा नव्हताच. मॅलरी स्वतःचा कॅमेरा विसरला होता. त्याला आपला कोडॅकचा छोटा कॅमेरा देणारा माणूस त्याच वेळी डोंगरावरून खाली उतरत होता. त्याच्या घशाची वाट लागली होती आणि थोड्याच वेळापूर्वी तो मरता मरता वाचला होता. हा माणूस पुढं आपल्याच देशात, दक्षिणेच्या एका खेड्यात डॉक्टर म्हणून राहिला.

त्याचं नाव थिओडोर हॉवर्ड सॉमरवेल.

सॉमरवेलचा जन्म १८९० चा, इंग्लंडमधल्या केंडल गावचा. घरचा बुटांचा मोठा कारखाना. म्हणजे पोरानं काही केलं नसतं तरी भागलं असतं. पण केंडल हे गाव लेक डिस्ट्रिक्टच्या दारात आहे. आपल्याकडं जसं पुण्याच्या पोराला सिंहगड, तसं तिथल्या पोरांना हे डोंगर. फरक एवढाच की तिथं नुसती चढण नाही, उभे कातळ आहेत. आधुनिक प्रस्तरारोहणाचा खेळ ज्या मोजक्या ठिकाणी वाढला, त्यातलं हे एक. सॉमरवेल अठराव्या वर्षी तिथल्या क्लायंबिंग क्लबात दाखल झाला आणि भाऊ लेस्लीबरोबर कडे चढू लागला.

त्या काळचं कातळ चढणं आजच्यासारखं नव्हतं. अंगावर हार्नेस नाही, कड्यात बोल्ट नाहीत. कमरेला तागाचा दोर आणि पायात खिळे ठोकलेले बूट. वरचा गडी पडला की दोर बहुतेक वेळा कामाचा नसायचा, कारण तो अडकवायला मध्ये काही नसायचंच. म्हणून पुढं चढणाऱ्यानं पडायचंच नाही, हा एकच नियम. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, याला त्यामुळं फार महत्त्व होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

शाळा रग्बीची, कॉलेज केंब्रिजचं. केंब्रिजमध्ये त्यानं विज्ञानात पहिला वर्ग मिळवला आणि तिथंच त्याची ख्रिस्ती श्रद्धा पक्की झाली. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमध्ये सर्जनचं शिक्षण. गडी चित्रं काढायचा, संगीत जाणायचा, अंगानं आडदांड. आणि या सगळ्यात उत्तम. असं पोरगं शाळेत आपल्या वर्गात असलं की आपल्याला जरा रागच येतो.

मग पहिलं महायुद्ध सुरू झालं.

१ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली. ब्रिटिश सैन्याच्या इतिहासातला हा सगळ्यात रक्तरंजित दिवस. एका दिवसात ५७ हजारांवर सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. सॉमरवेल त्या वेळी आघाडीमागच्या एका तंबूतल्या इस्पितळात सर्जन होता. हजारभर जखमी येतील अशी तयारी होती. आले कितीतरी पट जास्त. ॲम्ब्युलन्सची रांग मैलभर लागली. तंबू भरले तेव्हा स्ट्रेचर बाहेर मोकळ्या शेतात ठेवायला लागले. बघावं तिकडं माणसंच माणसं.

ऑपरेशन करणारे सर्जन हातावर मोजण्याएवढे. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला तसंच पडू द्यायचं, हे तंबूबाहेर येऊन ठरवावं लागायचं. सॉमरवेल मधल्या सुट्टीत त्या रांगांमधून फिरायचा. त्याच्या मनात एक गोष्ट कायमची राहिली. पडलेल्यांपैकी कुणीही आधी मला घ्या म्हणून हट्ट धरत नव्हतं. युद्धाचा त्याला जन्मभराचा तिटकारा आला तो इथं.

युद्ध संपलं. तो पुन्हा डोंगरांकडं वळला. आल्प्समध्ये भरपूर चढाया केल्या आणि १९२२ मध्ये त्याची एव्हरेस्टच्या मोहिमेसाठी निवड झाली. शिखर गाठायचं म्हणून निघालेली ही जगातली पहिलीच मोहीम. १९२१ ची त्याआधीची मोहीम वाट शोधायला गेली होती.

त्या काळी नेपाळ परक्यांना बंद होता. त्यामुळं दार्जिलिंगहून सिक्कीम, तिथून तिबेट आणि मग उत्तरेच्या बाजूनं एव्हरेस्ट, असा लांबचा वळसा. या वाटेवर सॉमरवेल आणि मॅलरीची गट्टी जमली. तंबूत दोघं एकमेकांना शेक्सपिअर वाचून दाखवायचे.

२१ मे १९२२ ला मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल यांनी ऑक्सिजनची नळकांडी न घेता ८,२२५ मीटरची उंची गाठली. माणूस आजवर कधीच इतक्या उंच चढला नव्हता. थोड्याच दिवसांत फिंच आणि ब्रूस या जोडीनं ऑक्सिजन वापरून हा विक्रम मोडला. एवढ्यावर थांबले असते, तर मोहीम आनंदात घरी गेली असती.

पण मॅलरीला अजून एक प्रयत्न करायचा होता. पावसाळा तोंडावर आलेला. नवा बर्फ भरपूर पडलेला. ७ जून १९२२ ला सतरा जण नॉर्थ कोल नावाच्या खिंडीकडं जाणाऱ्या उतारावर चढू लागले. तीन ब्रिटिश, मॅलरी, सॉमरवेल आणि क्रॉफर्ड. आणि चौदा भारवाहक. सगळे दोरांनी बांधलेले. ब्रिटिश सगळ्यात पुढं होते.

आणि बर्फाचा अख्खा उतारच सुटला.

पुढचे थोडे घसरून, गाडले जाऊन बाहेर पडले. मागच्या नऊ भारवाहकांना हिमस्खलनानं बर्फाच्या कड्यावरून खाली भेगेत नेलं. दोघांना जिवंत उकरून काढता आलं. सात जण गेले. एव्हरेस्टवरच्या चढाईतले हे पहिले मृत्यू. मेलेल्यांत एकही ब्रिटिश नव्हता.

हा उतार धोक्याचा आहे का, हे ठरवणारे ब्रिटिश होते. जाणारे भारवाहक होते. सॉमरवेलला नेमकं हेच खुपलं. आपल्यातलाही एखादा त्यात गेला असता, तर निदान त्या माणसांना कळलं असतं की आपण त्यांच्या बरोबर होतो, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो त्यानं पुढं लपवलाही नाही. या दुर्घटनेबद्दल बोटं मॅलरीकडं दाखवली जातात. पण सॉमरवेलही त्याच दोराच्या पुढच्या भागात होता आणि हे तो कधी विसरला नाही.

मोहीम आटोपली. सॉमरवेल लगेच इंग्लंडला गेला नाही. हिंदुस्थान बघायचा म्हणून फिरत फिरत पार दक्षिणेच्या टोकाला गेला.

तेव्हाच्या त्रावणकोर संस्थानात, कन्याकुमारीजवळ, नेय्यूर नावाचं गाव आहे. आज ते तामिळनाडूत येतं. कन्याकुमारीला गेलेली आपली बरीच मंडळी नागरकोइलवरून जातात, तिथून हे फार लांब नाही. या गावात लंडन मिशनरी सोसायटीचा दवाखाना होता, १८३८ पासूनचा. सॉमरवेल पोचला तेव्हा तिथं शस्त्रक्रिया करायला एकच डॉक्टर होता, स्टीफन प्यू. थकून गेलेला. आणि बाहेर माणसांची रांग.

सोममध्ये त्यानं हेच पाहिलं होतं. फरक इतकाच, इथं युद्ध नव्हतं. ही रांग रोजचीच होती.

सॉमरवेल पाहुणा म्हणून आला होता, पण ऑपरेशनं करायला उभा राहिला. लंडनला परत गेल्यावर त्याच्यापुढं मोठ्या हॉस्पिटलातली नोकरी होती. नाव, पैसा, सगळं. त्यानं ते नाकारलं आणि नेय्यूरला जायचं पक्कं केलं. मित्रांना हे वेडेपणाचं वाटलं असणार. लंडनमध्ये एक सर्जन कमी झाला तर दुसरा मिळतो, नेय्यूरला मिळत नाही. त्याचा हिशेब इतका साधा होता. पण त्यामागं श्रद्धाही होती. ख्रिस्तानं आजाऱ्यांना बरं केलं, मग त्याच्या मागं जाणाऱ्यानं तेच करायचं, असं तो धरून चालला. त्याच्यासाठी ऑपरेशन हीच पूजा होती असं म्हटलं तरी चालेल.

इथं कुणाला वाटेल, म्हणजे गड्यानं डोंगर सोडला. तसं झालं नाही. नेय्यूरला जायचं ठरल्यावरही १९२३ मध्ये त्यानं बेंटली बीथम या मित्राबरोबर सहा आठवड्यांत आल्प्समधली सुमारे ३५ शिखरं केली. आणि १९२४ मध्ये एव्हरेस्टचं बोलावणं आलं तेव्हा तो दवाखान्यातून रजा काढून गेला.

१९२४ ची मोहीम सुरुवातीपासून अडचणीत होती. मोहिमेचा नेता जनरल ब्रूस वाटेतच मलेरियानं आजारी पडला आणि सूत्रं नॉर्टनकडं आली. हवा भयंकर. मे महिन्याच्या शेवटी चार भारवाहक नॉर्थ कोलवरच्या छावणीत अडकले. वर अन्न कमी, खाली उतरायचा रस्ता नव्या बर्फानं भरलेला. त्यातल्या काहींना हिमदंश झालेला. दोन वर्षांपूर्वी सात माणसांना घेऊन गेलेला उतार तो हाच.

शिखराचा विचार करणाऱ्या मोहिमेला इथं हिशेब करता आला असता. आपली सगळ्यात दमदार माणसं वर पाठवून त्यांना थकवायचं का? पण नॉर्टन, मॅलरी आणि सॉमरवेल तिघंही निघाले. २४ मे १९२४.

छावणीच्या खालचा शेवटचा तिरका टप्पा सगळ्यात वाईट होता. सॉमरवेलनं तो स्वतःकडं घेतला. घसा तेव्हाच बिघडलेला, खोकल्यानं बेजार. मॅलरी आणि नॉर्टन दोर सोडत गेले आणि तो आडवा सरकत गेला. भारवाहकांपर्यंत पोचायला थोडंसं अंतर उरलं आणि दोर संपला.

आता ते अंतर त्यांनाच उतरून यायचं होतं. पहिले दोघं नीट पोचले. उरलेले दोघं एकदमच निघाले आणि पायाखालचा बर्फ सुटला. दोघं घसरले. त्यांच्या खाली नुसता उतार आणि मग कडा. नशिबानं थोडं खाली जाऊन ते थांबले. सॉमरवेलनं त्यांना हलू नका म्हणून सांगितलं. भीती कमी व्हावी म्हणून थट्टा केली. मग त्यानं आइस ॲक्स बर्फात खोल रोवली, कमरेचा दोर सोडला, तो ॲक्सला गुंडाळला, एका हातानं दोराचं अगदी टोक धरलं आणि दुसरा हात लांब करून एकेकाला मानगुटीला धरून वर ओढलं.

कमरेचा दोर त्यानं स्वतःहून सोडला होता. हात सुटला असता तर तिघंही गेले असते.

या उताराचं १९२२ चं देणं त्यानं १९२४ ला फेडलं, असं लिहायचा मोह होतो. पण मेलेली सात माणसं वेगळी होती आणि वाचलेली चार वेगळी, तेव्हा असा हिशेब जुळत नाही. त्यालाही तो जुळला असं वाटलं नसावं.

त्यानंतर, ४ जूनला, नॉर्टन आणि सॉमरवेल शिखरासाठी निघाले. याही वेळी ऑक्सिजन नाही. साधारण २८ हजार फुटांवर सॉमरवेलचा घसा पार बंद होत आला. एकेका पावलाला कितीतरी श्वास. त्यानं नॉर्टनला पुढं जायला सांगितलं, स्वतः खाली बसला आणि कॅमेरा काढून एकट्या पुढं जाणाऱ्या नॉर्टनचा फोटो काढला. इतक्या उंचीवर तोवर कुणी फोटो काढलेला नव्हता. नॉर्टन ८,५७२ मीटरपर्यंत पोचून परतला. ऑक्सिजनशिवाय इतक्या उंच गेल्याचा हा निर्विवाद विक्रम पुढं पन्नासहून जास्त वर्षं टिकला.

उतरताना सॉमरवेलच्या बधिर हातातून आइस ॲक्स निसटली आणि खाली गेली. पुढं अंधार पडू लागला. नॉर्टन थोडा पुढं चालत होता. मागं सॉमरवेलला खोकल्याची उबळ आली आणि घशात काहीतरी अडकलं. श्वास आत जाईना, बाहेर येईना. हाक मारायला आवाजही नाही. नॉर्टनला वाटलं, हा चित्र काढायला थांबला असेल. गडी होताच तसा, कुठंही थांबून चित्र काढणारा. सॉमरवेल बर्फात बसला. तो डॉक्टर होता, काय होतंय हे त्याला कळत होतं. शेवटी त्यानं दोन्ही हातांनी आपल्याच छातीवर जोरात दाब दिला आणि अडकलेलं ते रक्तासकट बाहेर पडलं. थंडीनं मेलेलं घशातलं अस्तर होतं ते. मग बऱ्याच दिवसांनी त्यानं पूर्ण श्वास घेतला. उठला आणि नॉर्टनच्या मागं चालू लागला.

खाली छावणीत मॅलरी तयारीत होता. सॉमरवेलनं त्याला कॅमेरा दिला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

मोहीम परतण्याआधी पायथ्याशी दगडांचा एक स्मारकस्तंभ रचला गेला. तो रचण्यात सॉमरवेल आणि बीथम पुढं होते. तिन्ही मोहिमांत गेलेल्यांची नावं त्यावर कोरली. मॅलरी आणि आयर्विनबरोबर भारवाहकांचीही. १९२२ च्या मोहिमेला त्या वर्षीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये गिर्यारोहणाचं पदक मिळालं होतं. म्हणजे नेय्यूरच्या डॉक्टरकडं ऑलिंपिकचं पदकही होतं.

तो नेय्यूरला परत गेला. १९२५ मध्ये मार्गारेट होप सिम्प्सनशी लग्न झालं, पुढं तीन मुलगे झाले. आणि सुरू झालं ते काम, ज्याचा कुठंही विक्रम नोंदला जात नाही.

त्रावणकोरात त्या वेळी एका दुखण्यानं लोक हैराण होते. ड्युओडेनल अल्सर, म्हणजे जठराच्या पुढं लहान आतड्याच्या सुरुवातीला पडणारी जखम. गरिबाचं मुख्य खाणं टॅपिओका, ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो. त्यात पिष्ट सोडून फारसं काही नाही, सोबत झणझणीत तिखट. या दुखण्यामागं हा आहार आहे, असं सॉमरवेलचं मत झालं. आज अल्सरचं मोठं कारण एक जिवाणू आहे हे माहीत आहे, पण तो शोध १९८० च्या दशकातला. तेव्हा गोळ्या नव्हत्या, उपाय शस्त्रक्रियेचा. जठराला खालच्या आतड्याशी नवी जोडणी द्यायची, म्हणजे अन्न आणि आम्ल जखमेला वळसा घालून जातं. वर्षानुवर्षं वेदनेनं वाकलेला शेतमजूर काही आठवड्यांत पुन्हा कामावर जायचा. अशी ऑपरेशनं तो करत राहिला आणि त्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकांत लिहीतही राहिला. पान-तंबाखूमुळं होणारे तोंडाचे कॅन्सर तिथं खूप. त्यावर त्यानं रेडियमचे उपचार सुरू केले.

त्या संस्थानात खालच्या मानलेल्या जातींना देवळात जायला १९३६ पर्यंत बंदी होती. नेय्यूरच्या दवाखान्यात मात्र टेबल एकच होतं.

मिशनचा दवाखाना म्हटलं की धर्मप्रसाराचा प्रश्न निघतो आणि तो निघायलाच हवा. सॉमरवेल मिशनरी होता, आपला धर्म लोकांपर्यंत पोचावा असं त्याला वाटायचं आणि त्यानं ते कधी झाकलं नाही. मोहिमांत आणि मिशनमध्येही हुकूम गोऱ्यांचा आणि ओझं बाकीच्यांचं, ही त्या काळाची घडी होती. तो त्या घडीचाच माणूस होता. पण त्या घडीतले बहुतेक साहेब नोकरी संपली की बोटीत बसले. हा दोन दशकांहून जास्त काळ नेय्यूरला राहिला.

डोंगर सुटले का? नाही. १९२६ मध्ये तो ह्यू रटलेजबरोबर कुमाऊँत, नंदादेवीच्या बाजूला जाऊन आला. सुट्टी मिळाली की चित्रं काढायचा. हिमालय आणि तिबेटची त्याची जलरंगांतली आणि पेस्टलची चित्रं आजही नावाजली जातात. तिबेटी गाण्यांच्या चाली तो एव्हरेस्टच्या वाटेवर स्वरलिपीत लिहून घ्यायचा. १९३६ मध्ये त्याचं आफ्टर एव्हरेस्ट हे पुस्तक आलं. एव्हरेस्टनंतर, असं नाव. म्हणजे जगाला ज्यासाठी तो माहीत होता, ते त्याच्या मते सुरुवातीचं प्रकरण होतं. १९३८ मध्ये सरकारनं कैसर-ए-हिंद पदक दिलं.

स्वातंत्र्यानंतर तो इंग्लंडात निवांत बसला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण १९४९ मध्ये तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शस्त्रक्रिया शिकवायला आला. आयडा स्कडर यांनी उभं केलेलं हेच ते कॉलेज, जिथं आजही देशभरातून पेशंट जातात. तिथं तो १९६१ पर्यंत होता. भारतीय सर्जनांची एक पिढी त्याच्या हाताखालून गेली.

निवृत्त होऊन गेला तो पुन्हा लेक डिस्ट्रिक्टला, लहानपणीच्या कड्यांपाशी. सत्तरी उलटल्यावर, १९६२ मध्ये, तो अल्पाइन क्लबचा अध्यक्ष झाला. २३ जानेवारी १९७५ ला तो गेला. तीन वर्षांनी, मे १९७८ मध्ये, राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले.

कॅमेरा अजून वरच कुठंतरी आहे. नेय्यूरचा दवाखाना सुरू आहे.